केपची न कोमेजणारी डेझी नागपुरात बियांपासून वाढवताना

सिंकार्फाचं, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या न कोमेजणाऱ्या डेझीचं, बी मागवण्याआधी एक गोष्ट ठरवून ठेवा: हे रोप मे महिना कुठे काढणार? नागपूरच्या हिवाळ्यात बी उगवून आणणं जमण्यासारखं आहे. बियांना धूर देण्याचं तंत्र (ते पुढे येईल) हाताला बसलं की त्यात फारसं अडत नाही. पण उगवलेलं रोप मार्चनंतर तापलेल्या कुंडीत आणि पुढे जुलैच्या दमट उबेत मुळापासून जातं, आणि बहुतेकांचा प्रयत्न तिथेच संपतो. म्हणून पेरणीइतकीच जागा मी इथे मुळांना देणार आहे.

आधी कोणतं झाड ते नीट समजून घेऊ. आपल्याकडे हिवाळ्यात नर्सरीत 'हेलिक्रायसम' किंवा 'पेपर फ्लॉवर' म्हणून मिळतं ते बहुधा झेरोक्रायसम ब्रॅक्टिएटम असतं. ते मूळचं ऑस्ट्रेलियाचं. ऑक्टोबरात पेरलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतं, आणि सरावासाठी त्याच्यासारखं झाड नाही. दक्षिण आफ्रिकेतली मंडळी वेगळी. सिंकार्फा, एडमंडिया, फीनोकोमा आणि हेलिक्रायसमच्या तिथल्या जाती, सगळी सूर्यफुलाच्याच कुळातली. त्यांच्या चकचकीत पाकळ्या या खरं तर पाकळ्या नसतात. फुलाभोवतीची ती कोरडी, कागदासारखी छदं, म्हणजे बदललेली पानं असतात. खरी फुलं मधल्या पिवळ्या किंवा तपकिरी गोंड्यात दाटीने बसलेली असतात. छदं जन्मतःच जवळजवळ कोरडी असल्यामुळे तोडल्यावरही त्यांचा आकार आणि रंग टिकतो.

कोणती जात निवडायची

पहिल्यांदाच करत असाल तर हेलिक्रायसम पेटिओलारे घ्या. फुलं साधी, पण चंदेरी मखमली पानांसाठीच ते लावण्याजोगं आहे, शिवाय फांदीवरूनही येतं. मन मात्र केपच्या जातींवर असेल तर माझं मत एडमंडिया सेसमॉइडिसकडे झुकतं. हातभर उंचीचं झुडूप, सुईसारखी पानं, पांढरी किंवा गुलाबी फुलं. तिथे ते ऑगस्ट ते डिसेंबर फुलतं. आपल्या ऋतूंच्या हिशेबाने हा काळ फेब्रुवारी ते जून असा येतो, म्हणजे बहराची सुरुवात तरी उन्हाच्या आधी होण्याची आशा असते. सिंकार्फा व्हेस्टिटा, केप टाउनच्या टेबल माउंटन डोंगराच्या परिसरातलं पांढऱ्या फुलांचं झुडूप, जास्त देखणं आहे. पण तिथे ते नोव्हेंबर ते जानेवारीत फुलतं. तो आपला मे ते जुलै. म्हणजे बहराचा काळ नेमका आपल्या सगळ्यात वाईट दिवसांवर पडतो.

सिंकार्फा एक्झिमियाच्या लालबुंद कळ्यांवर कोणीही भाळेल, पण ते थंड, ओलसर डोंगरउतारांवरचं झाड आहे. फीनोकोमा प्रोलिफेरा हे फीनोकोमा या गटातलं एकटंच, गुलाबी फुलांचं, आणि मुळांना हात लावलेला त्याला अजिबात खपत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ड्रॅकेन्सबर्ग पर्वताच्या उंचीवरच्या हेलिक्रायसम मिलफोर्डीसारख्या गादीवजा जातींचा नागपुरात नाद करू नये. त्यांना थंड उन्हाळा लागतो आणि तो आपल्याकडे कुठल्याच जागी मिळत नाही.

दुर्मिळांपैकी सिंकार्फा रिकर्व्हाटा मला विशेष वाटतं. पूर्व केपमध्ये, गकेबेर्हा (जुनं पोर्ट एलिझाबेथ) शहराजवळच्या चुनखडीच्या जमिनीत ते वाढतं, आणि तिथेही धोक्यात आहे. बाकीच्यांना आम्लधर्मी वाळू लागते, याला चुन्याचं वावडं नाही. पण अशा जातीचं बी लागवडीतल्या झाडांपासून घेतलेलं आहे, असं विक्रेता स्पष्ट सांगत असेल तरच घ्यायचं. रानातून ओरबाडलेलं बी घेऊन दुर्मिळ झाड आपल्या गच्चीवर आणण्यात काही अर्थ नाही.

परदेशातून बी मागवायचं तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. साध्या पाकिटातून गुपचूप बी मागवू नका. कस्टममध्ये अडकून नष्ट झालेलं बी आणि बियांबरोबर आलेला रोग, दोन्ही महागात पडतात. कागदपत्रं सांभाळणाऱ्या आयातदारामार्फत मागवा, आणि उन्हाळ्यातच विचारणा सुरू करा म्हणजे ऑक्टोबरपर्यंत बी हाती येईल.

बी आल्यावर

या कुळात पोकळ बियांचं प्रमाण बरंच असतं. पांढऱ्या कागदावर बी पसरा, कापसासारखा तुरा बोटांनी हलकेच चोळून काढा आणि काही दाणे नखाने दाबून पाहा. भरीव दाणा दाबाला टिकतो, पोकळ चपटा होतो. त्यावरून किती दाट पेरायचं याचा अंदाज येतो. पाण्यात बुडतं ते चांगलं, तरंगतं ते वाईट, ही कसोटी इथे कामाची नाही, कारण तुऱ्यामुळे चांगलं बीही तरंगतं.

पेरायला वेळ असेल तर बी कागदी पाकिटात, ते पाकीट सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेलं बी ओल ओढून लवकर मरतं.

दिनदर्शिका उलटी वाचा

केपच्या माळ्यांच्या सूचना आपल्याला तशाच्या तशा वापरता येत नाहीत. ते मार्च ते मे पेरतात, कारण तो त्यांचा शरद ऋतू. उन्हाळ्याच्या शेवटी वणवे लागून गेलेले असतात आणि पाऊस यायचा असतो. आपल्याकडे त्याला जुळणारा काळ नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीचा पहिला आठवडा. दिशाही उलट्या: ते 'दक्षिण उताराची थंड जागा' म्हणतात तेव्हा आपण उत्तरेची बाजू समजायची.

या बियांना रात्री १० अंशांच्या आसपास आणि दिवसा २० च्या आसपास असा चढउतार आवडतो. नागपुरात नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्रीचं तापमान १५-१६ वर येतं, डिसेंबर-जानेवारीत १२-१३ पर्यंत, आणि एखाद्या वर्षी त्याहून बरंच खाली. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांची नोंद झाली होती. रात्रीची काळजी नाही. दिवसाचे २८-३० अंश मात्र जास्त होतात. म्हणून ट्रे रात्री उघड्यावर ठेवायचे आणि सकाळी दहाच्या आत उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या ओसरीत, ओल्या गोणपाटावर आणायचे. दसऱ्याच्या उत्साहात पेरू नका. ऑक्टोबरची उष्णता ओसरू द्या.

माती: इथे काळी माती विसरायची

नागपूरच्या आजूबाजूची काळी माती बेसॉल्टपासून बनलेली, चिकण, चुन्याची, आणि सामू (pH) बहुधा ७.५ च्या वर. कापसाला आणि संत्र्याला ती माहीत आहे. केपच्या झाडांची वाळू सँडस्टोनची असते: आम्लधर्मी, पाणी क्षणात खाली सोडणारी आणि पोषणाने जवळजवळ रिकामी. त्यामुळे काळी माती चमचाभरही मिसळायची नाही, आणि आपल्या माळ्यांच्या हातातून आपोआप पडणारं शेणखतही नाही. गांडूळखत, डीएपी, सुपर फॉस्फेट यांपैकी काहीही नको. गरिबीत वाढायला घडलेलं मूळ खताने जळतं.

माझं मिश्रण असं: तीन भाग कन्हान नदीची जाड रेती, एक भाग चांगली कुजलेली पानमाती, एक भाग कोकोपीट. रेती बांधकामाच्या दुकानातून आणून मच्छरदाणीच्या जाळीतून चाळायची. खाली पडणारी बारीक धूळ टाकून द्यायची आणि वर राहिलेली भरड पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. मग मूठभर रेतीवर पांढरं व्हिनेगर टाकून कान जवळ न्या. फसफसली तर तिच्यात चुना आहे, ती नको. वेगळ्या ट्रकची आणून पाहा. ही दोन मिनिटांची चाचणी कधीच टाळू नये. कोकोपीटमध्ये मीठ असतं, ते दोन-तीन पाण्यांत भिजवून पिळून घ्या. भाताचं जळालेलं तूस आणि चुलीची राख निचऱ्यासाठी चांगली वाटली तरी दोन्ही क्षारधर्मी आहेत, इथे चालत नाहीत.

भरल्यानंतर मिश्रणाचा सामू कागदी पट्टीने पाहा. ५.५ ते ६ हवा. आपल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि दोन महिन्यांत सगळी मेहनत ७.५ ला नेऊन ठेवतं. त्यामुळे पावसाचं पाणी ड्रममध्ये धरून झाकून ठेवा, किंवा एसीमधून गळणारं पाणी वापरा. दोन्हीत क्षार नसतात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र उलट सगळ्यात खारं, ते कुंडीत कधीच नको. दुसरा उपाय नसेल तर बादलीभर नळाच्या पाण्यात सायट्रिक ॲसिडची चिमूट टाकून पट्टीवर ६ येईपर्यंत जुळवा.

पेरणीआधी मिश्रणावर उकळतं पाणी ओतून पूर्ण थंड होऊ द्या. रोपं जमिनीलगत कोलमडून मरतात ती याच पायरीवर हलगर्जी झाल्यामुळे.

धूर

या झाडांच्या रानात वणवा हा आयुष्याचा भाग आहे. झुडपं आगीत मरतात, बी जमिनीत थांबतं आणि जळून गेलेल्या मोकळ्या रानात पावसाबरोबर उगवतं. बीला 'आता उगव' हे सांगणारी गोष्ट उष्णता असेल असं बरीच वर्षं वाटत होतं. १९९० मध्ये डी लांगे आणि बाउचर या संशोधकांनी ऑडुइनिया कॅपिटाटा या केपच्या दुर्मिळ झुडपाच्या बियांवर दाखवलं की काम धूर करतो. त्यानंतर केप टाउनच्या किर्स्टनबॉश वनस्पती उद्यानात नेव्हिल ब्राउन यांनी सिंकार्फा व्हेस्टिटासह केपच्या अनेक जातींवर तेच आजमावलं. धुरातला मुख्य पदार्थ, कॅरिकिनोलाइड, २००४ मध्ये ओळखला गेला. सेल्युलोज जळताना तो तयार होतो, त्यामुळे केपचंच गवत जाळलं पाहिजे असं काही नाही. विदर्भातलं भाताचं तणस चालतं.

काय जाळायचं: भाताचं तणस, वाळलेलं गवत, झाडांचा सुका पाला. काय नाही: रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, छापील कागद, प्लास्टिक. पऱ्हाटी आणि तुराटी ही आपल्याकडे सहज मिळणारी सरपणं मी टाळते, कारण त्या पिकांवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात.

धूर देण्याचे दोन मार्ग आहेत.

ट्रेला धूर. पेरलेले ट्रे लाकडी चौकटीखाली ठेवून वरून प्लास्टिकचा कागद टाका, कडा विटांनी दाबा. बाजूला झाकणाच्या जुन्या टिनाच्या डब्यात तणस धुमसत ठेवा. त्यातून दीड-दोन मीटर लोखंडी पाइप आत सोडा. पाइप लांब हवा, कारण धूर थंड होऊन आत गेला पाहिजे. गरम धुराने बी भाजतं. ज्योत पेटली की डब्याची हवा कमी करा, हवा आहे तो दाट धूर. दोन तास द्या. नंतर ट्रे एक दिवस तसेच राहू द्या, आणि पुढचे काही दिवस फक्त हलकं धुक्यासारखं पाणी मारा. बसलेला धूर त्याने सावकाश बियांपर्यंत उतरतो. पहिल्याच दिवशी झारीने धुवून काढलात तर सगळा ट्रेखाली जाईल. हे काम गच्चीवर किंवा अंगणात, शेजाऱ्यांना सांगून, आणि पाण्याची बादली जवळ ठेवून करायचं.

धुराचं पाणी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हेच सोयीचं. घट्ट झाकणाच्या डब्यात तणस धुमसवा. फिशटँकच्या पंपाची नळी डब्यात हवा ढकलेल आणि दुसऱ्या नळीने निघणारा धूर बाटलीभर पाण्यात बुडबुडत जाऊ द्या. अर्ध्या ते एका तासात पाणी चहाच्या रंगाचं होतं. ते तसंच वापरायचं नाही. दाट धूरपाणी उगवण रोखतं. एक भाग धूरपाणी आणि दहा भाग साधं पाणी अशी सुरुवात करा. बियांचा साठा पुरेसा असेल तर काही बियांना एकास पन्नास असंही देऊन पाहा, कारण प्रत्येक जातीला मानवणारं प्रमाण वेगळं असतं. बी मलमलच्या पुरचुंडीत २४ तास भिजवा, मग पेरा. भिजवल्यावर बी सावलीत सुकवून नंतर पेरलं तरी धुराचा परिणाम टिकतो. तेव्हा बॅच करून ठेवायची सोय आहे. उरलेलं पाणी फ्रिजमध्ये ठेवा, आणि घरातलं कुणी चहा समजून पिऊ नये म्हणून बाटलीवर ठळक लिहा.

थोडं बी मुद्दाम धुराविना पेरा आणि ट्रेवर तशी चिठ्ठी लावा. पुढच्या वर्षी कुठे चुकलं, कुठे जमलं ते त्याच चिठ्ठ्यांवरून कळतं.

पेरणी आणि पहिले दोन महिने

बी कोरड्या बारीक रेतीत मिसळा, नाहीतर तुऱ्यांमुळे गुठळ्या होतात. प्लग ट्रेच्या प्रत्येक खणात तीन-चार दाणे टाका आणि वर दोन-तीन मिलिमीटर भरड रेती. जास्त झाकू नका. पाणी नेहमी खालून द्यायचं: परातीत दोन बोटं पाणी, त्यात ट्रे, वरची रेती ओली दिसली की ट्रे बाहेर. सगळं बी एकाच दिवशी संपवू नका. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा पेरलं तर एखादी बिघडलेली थंडी सगळं घेऊन जात नाही.

उगवण तीन ते सहा आठवड्यांत, आणि तीही एकाच वेळी नाही. महिनाभर काही दिसलं नाही म्हणून ट्रे उलटा करू नका. अंकुर दिसले की सकाळचं कोवळं ऊन सुरू करा. हवा खेळती हवी. प्लास्टिकने झाकलेल्या ट्रेत लवदार पानांची रोपं सडतात. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी पंधरवड्याला एकदा पाण्यातून दिली तर रोग आणणाऱ्या बुरशीला थोडा आळा बसतो.

प्रत्येक खणात एकच रोप ठेवा, बाकीची उपटू नका, कात्रीने कापा. चार खरी पानं आली आणि मुळांनी खण धरला की पूर्ण गोळ्यासकट कुंडीत. धरायचं ते पानाला, खोडाला कधीच नाही. एक-दोनदा शेंडा खुडा म्हणजे रोप पसरतं. हे कोवळ्या वयातच. पुढे लाकडी झालेल्या फांदीवर छाटणी केली तर सिंकार्फा पुन्हा फुटत नाही.

मार्च ते जून: मुळं थंड ठेवण्याचे दिवस

नागपूरचं तापमान २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंशांवर गेलं होतं, आणि दर उन्हाळ्यात ४५ आपण पाहतोच. एवढ्या उन्हात काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती हवेपेक्षाही तापते. पानं थोडी करपली तरी झाड सावरतं, शिजलेलं मूळ परत येत नाही.

पण आपल्या उन्हाळ्याचा एक गुण आहे: तो कमालीचा कोरडा असतो. म्हणूनच इथे कूलर चालतो, आणि माठात पाणी गार होतं त्याच तत्त्वावर कुंडीही गार ठेवता येते. रोप असलेली न रंगवलेली मातीची कुंडी तिच्याहून मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा, मधल्या जागेत रेती भरा आणि ती रेती सकाळ-संध्याकाळ भिजवा. पाणी मधल्या रेतीला. आतल्या कुंडीला फक्त पहाटे, तेही वरचा इंचभर थर सुकला असेल तरच. दुपारी पान मलूल दिसलं म्हणून तापलेल्या मातीत पाणी ओतणं ही रोप मारायची सगळ्यात सोपी रीत आहे. संध्याकाळी ते बहुधा आपणच उभं राहतं. बाहेरची कुंडी पांढरी दिसावी म्हणून चुना लावू नका, तो झिरपतो.

जागा उत्तरेच्या भिंतीची, पण तेवढ्यावर विसंबू नका. नागपूर २१ अक्षांशाच्या किंचित वर आहे, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवतप्यात, दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि जूनमध्ये थोडा उत्तरेकडेही सरकतो. त्या दिवसांत भिंतीची सावली दुपारी उरतच नाही. एप्रिलमध्येच वरून ५० टक्क्यांची हिरवी नेट बांधा, मेमध्ये दुहेरी करा. स्लॅबवर कुंडी थेट ठेवू नका, विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा. या काळात खत काहीही नाही.

पाऊस लागला की सगळं बदला

मृगाच्या सरींबरोबर हवेत दमटपणा येतो आणि कुंडीतल्या कुंडीची युक्ती त्याच दिवशी संपते. बाष्पीभवन थांबलं की ओली रेती गारवा देत नाही, उलट मुळांभोवती कोमट ओल धरून ठेवते. फायटोफ्थोरासारख्या मूळकुजीला नेमकं हेच हवं असतं. म्हणून पहिल्या चांगल्या पावसानंतर आतली कुंडी बाहेर काढा, उंच मांडणीवर ठेवा, आणि वर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिक लावा. चारही बाजू उघड्या. पावसाचा थेंब पानांवर येता कामा नये, कारण चंदेरी लव पाणी धरून ठेवते आणि पान आतून काळं पडतं. झडीच्या दिवसांत आठ-दहा दिवस पाणी न दिलं तरी चालतं. बुडखा काळा दिसला तर ते रोप कुंडी-मातीसकट लांब टाकून द्या, ती रेती परत वापरू नका. पिठ्या ढेकूण आणि त्याला वाहणाऱ्या मुंग्या याच काळात येतात. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसलं की भागतं.

सप्टेंबर ओलांडलेलं रोप बहुधा पुढचा हिवाळा जोमाने वाढतं. तेव्हा महिन्यातून एकदा, पाकिटावरच्या प्रमाणाच्या चौथाई ताकदीचं समुद्री शेवाळाचं द्रव खत द्यायला हरकत नाही. सिंकार्फाकडून पहिल्या वर्षी फुलांची अपेक्षा ठेवूच नका.

फूल आणि बी

वाळवण्यासाठी फूल दुपारी कापा. ओल्या हवेत छदं मिटतात, कोरड्या हवेत उघडतात, त्यामुळे सकाळच्या दवात कापलेलं फूल अर्धं मिटलेलंच वाळतं. छदं उघडलेली पण मधला गोंडा अजून घट्ट असताना तोडा, सैल जुड्या बांधून अंधाऱ्या, वाऱ्याच्या खोलीत उलट्या टांगा. नागपूरच्या एप्रिलमध्ये त्या फार लवकर वाळतात. पावसाळ्याआधी त्यांना डब्यात बंद करा.

बीसाठी काही फुलं झाडावरच राहू द्या, आणि शक्यतो एकाच वेळी फुललेली दोन-तीन झाडं जवळ ठेवा म्हणजे किडे परागकण इकडून तिकडे नेतील. गोंडा फुगून तुरे सुटायला लागले की मलमलची पिशवी बांधा, नाहीतर उन्हाळी वावटळ सगळं बी नेते. जमलेलं बी नखाने दाबून पाहा, भरीव निघालं तर तारीख आणि जातीचं नाव लिहून बरणीत ठेवा, आणि थोडं तुमच्यासारख्याच दुसऱ्या कुणाला द्या. एका गच्चीवरचं झाड एका वाईट जुलैत जाऊ शकतं.